नितळबाबाची दोन भांडी

त्या रविवारी चिचटोल्याच्या तलावाच्या पाळीवर पाय ठेवायला जागा नव्हती. अड्याळकडून येणारा रस्ता ट्रॅक्टर, टमटम आणि मोटारसायकलींनी तुंबलेला. धान घरात येऊन पडलेलं, चुरणं-मळणी आटोपलेली, माणसं मोकळी झालेली. मोकळ्या माणसाला चमत्काराची भूक जरा जास्तच लागते. कोणी लेकरू खांद्यावर आणलं होतं, कोणी म्हातारीला खाटेसकट उचलून. लग्नाच्या वयाच्या पोरींच्या आया तर जिकडे बघावं तिकडे. ह्या भागात सिकलसेलचं नाव निघालं की आलेले पाहुणे चहा न पिता उठतात.

सिकलसेल म्हणजे काय, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि माणूस हाडं मोडल्यागत कळवळतो. आईबापांच्या रक्तातून आलेलं दुखणं, जन्मभराचं. शाळेशाळेत तपासणी होते. बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब काचेच्या नळीतल्या औषधात टाकायचा, नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर पोरगं सुटलं. औषध गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या तर समजायचं, सिकल आहे.

नितळबाबाची सगळी दुकानदारी ह्या नळीवर उभी होती.

मंडपात त्याच्यासमोर दोन पितळी भांडी चकाकत होती. एक कलियुगाच्या पाण्याचं, दुसरं सत्ययुगाच्या. बाबा भगवा शर्ट घालून, गॉगल कपाळावर चढवून माइकमध्ये बोलत होता, "भक्तहो, रक्त गोल असते अन् पाप वाकडं असते. विळ्यानं आपण धान कापतो, पण हा रक्तातला विळा लेकरू कापते. सायन्स म्हणते हे बरं होत नाही. सायन्सले काय समजते? सायन्स काल जन्मलं, माहा हा सातवा जन्म आहे. हे तीर्थ क्वांटम आहे. क्वांटम म्हणजे काय? कणाकणात तम. त्या तमाचा नाश."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तम म्हणजे काय हे कोणी विचारलं नाही, आणि क्वांटम म्हणजे काय हे विचारायचा प्रश्नच नव्हता.

गर्दीत पुढून चौथ्या-पाचव्या रांगेत मेघा उभी होती. ही भंडाऱ्याच्या 'दैनिक पूर्वघोष'ची वार्ताहर. पण आज ती बातमीसाठी आली नव्हती. आज तिच्या भाचीची, डिंपलचा नंबर होता. डिंपल चौथीत शिकणारी, बारीक चणीची, डोळ्यांत कायम जराशी पिवळी झाक. तिचा बाप घनश्याम, म्हणजे मेघाचा थोरला भाऊ, तिला हाताशी धरून मंचावर चढला.

बाबाचा चेला विक्की पुढे आला. त्यानं डिंपलच्या बोटाला सुई टोचली. हीच सुई त्यानं मघाशी दुसऱ्या पोराला टोचली होती, मेघानं ते डोळ्यांनी पाहिलं. थेंब कलियुगाच्या पाण्याच्या नळीत पडला. नळीमागे पुठ्ठा, पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत 'जय नितळ'. बघता बघता पाणी गढूळ झालं, अक्षरं गडप. लोक हळहळले. मग डिंपलला तीर्थ पाजलं, थंडगार तलावात डुबकी घालायला लावली आणि पाळीवरून एक फेरी. कुडकुडत आलेल्या पोरीचं बोट पुन्हा टोचलं. आता थेंब सत्ययुगाच्या पाण्यात. पाणी लालसर झालं आणि तसंच आरपार राहिलं. पुठ्ठ्यावरची अक्षरं लख्ख दिसली आणि साऱ्या मंडपानं ती एका आवाजात वाचली.

घनश्याम रडत होता. त्यानं खिशातून डिंपलच्या गोळ्यांची पाकिटं काढली. मेघा पुढे धावली, त्याचा हात धरला.

"दादा, गोळ्या नको टाकू. माहं ऐक."

त्यानं तिचा हात झटकला आणि गोळ्या तलावात भिरकावल्या. बाबानं ह्यालाही नाव दिलं होतं, गोळीविसर्जन. आणि मंचामागे, सगळ्यांना दिसेल असा, वर्तमानपत्राच्या कात्रणाचा भलामोठा फ्लेक्स लावलेला होता. 'सिकलसेलवर विजय, नितळबाबांच्या कृपेने सानगडीची खुशबू ठणठणीत.' खाली एका हसऱ्या पोरीचा फोटो. वर पेपरचं नाव, 'दैनिक पूर्वघोष'.

संध्याकाळी अड्याळला घनश्यामच्या अंगणात बहीणभावाचं वाजलं.

"एकदा सरकारी दवाखान्यात तपासून घे. मंग बंद कर गोळ्या," मेघा म्हणाली.

"अजून काय तपासू? तू उभी होती ना तिथं? शाळेत जे करत होते थेच केलं बाबानं. थेच नळी, थोच वास, तसंच गढूळ. शाळेतलं खरं अन् बाबाचं खोटं, असं कसं होईन?"

तपासणी तर खरीच दिसत होती. ज्यांनी ती शाळेत कधी पाहिली नसती, त्यांनी कदाचित शंका काढली असती. पण ह्या लोकांना नळी माहीत होती, म्हणून ते नळीवर विसंबले. शहाण्या माणसाला त्याच्याच शहाणपणानं फसवायचं, हा बाबाचा डाव होता.

"अन् तुह्याच पेपरात आलं," घनश्याम पुढे म्हणाला. "फोटोसकट. तू तिथंच नोकरी करते अन् मले म्हणते भरवसा नको ठेवू. मंग कोणावर ठेवू?"

वहिनी चुलीपाशी बसून होती. ती हळूच म्हणाली, "बाई, गोळी सोडून पोट्टी बरी राहिली त उद्या तिचं लगन होईन. तुम्ही आड नका येऊ."

दुसऱ्या दिवशी मेघानं संपादकांच्या टेबलासमोर खुर्ची ओढली. कैलाशभाऊ हे संपादक, मालक आणि अडल्या वेळी प्रूफ तपासणारेही. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं.

"भाऊ, खुशबूची बातमी कोणी लिहिली?"

"प्रेसनोट आली होती. फोटो आला होता. लावली."

"सानगडीला कोणी गेलं होतं?"

"मेघा, रोज किती प्रेसनोट येतात हे तुले माहीत आहे. एकेकीच्या मागं माणूस धाडला त पेपर निघन का? अन् त्याच आठवड्यात त्यांचं पानभर जाहिरातीचं काम आलं. बरं वाटलं म्हणत असंन पोरगी, आपण नाही म्हणणारे कोण?"

आता बघा, ह्यात कोणी उघड खोटं बोललं नव्हतं. प्रेसनोट आली, ती लागली. बाबानं ती कापून फ्लेक्स केला, फ्लेक्स पाहून लोकांनी गोळ्या तलावात टाकल्या. प्रत्येकानं आपापलं काम नेमानं केलं. बातमी खरी आहे का, हे पाहायचं काम मात्र कोणाच्याच वाट्याला आलं नव्हतं. म्हणे पेपर समाजाचा आरसा. आरसा तरी समोर जे उभं असेल ते दाखवतो. इथं तर जो पैसे देईल त्याचं चित्र आरशावर चिकटवलं होतं.

मेघानं स्कूटी काढली आणि सानगडी गाठली.

खुशबूचं घर शोधायला वेळ लागला नाही. अंगणात तिची आई सत्यभामाबाई लाखोरीची भाजी निवडत बसली होती. मेघानं पेपरचं नाव सांगितलं तशी बाईचे हात थांबले.

"आता आली तू?"

"खुशबूले भेटायचं होतं, मावशी."

"खुशबू नाही व माय. गेली थे. आखाडीले फोटो काढला, पोळा नाही पाह्यला तिनं."

मेघा तिथंच ओसरीच्या कडेला बसली. मग सत्यभामाबाईच सांगू लागली. फोटो काढायला बाबाची माणसं आली होती, पेपराचं कोणी आलं नव्हतं. हास म्हणाले, म्हणून पोरगी हसली. गोळ्या बंद केल्यावर आधी बरी वाटली, मग एक दिवस छातीत धरलं. बाबाकडे नेली तर तो म्हणाला, पाप निघून राहिलं, निघताना दुखते. दवाखान्यात पोचेस्तोवर उशीर झाला.

"मंग मी बाबाकडं गेली. थो म्हणे, तू चोरून गोळी देली असशीन, म्हणून मेली." सत्यभामाबाईनं भाजी बाजूला सारली. "नव्हती देली व बाई. देली असती त वाचली असती."

मेघाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मावशी, तिकडं दोन भांडी असतात. तुम्ही जवळून पाह्यली का?"

"पाह्यली ना. पहिल्या पाण्याले वास येते, आगपेटीसारखा. शाळेतल्या नळीले येत होता तसाच. दुसऱ्याले कायचाच वास नाही. मी म्हटलं, देवाचं पाणी आहे, त्याले वास कायले येईन."

मेघाच्या डोक्यात काहीतरी चमकलं. ती उठली. "मावशी, हे छापू का?"

"छाप. पहिले त मले न इचारता छापलं."

भंडाऱ्याच्या सरकारी रुग्णालयात सिकलसेलचं काम पाहणाऱ्या एक डॉक्टरीणबाई होत्या. मेघा त्यांच्याकडे गेली आणि दोन भांड्यांची हकीकत सांगितली. डॉक्टरीणबाई आधी हसल्या, खुशबूचं ऐकल्यावर हसू मावळलं. त्यांनी दोन नळ्या घेतल्या. एकीत तपासणीचं औषध, दुसरीत नळाचं साधं पाणी.

"तुम्हाला सिकलचा अंश आहे म्हणता ना? बोट द्या."

मेघालाही अंश होता, घनश्यामलाही, म्हणजे एकाच बाजूनं आलेला वाटा, त्यानं माणूस आजारी पडत नाही. पण वहिनीलाही अंश होता आणि दोन्हीकडचा वाटा डिंपलच्या पदरी पडला. डॉक्टरीणबाईंनी मेघाचा एक थेंब औषधात टाकला. गढूळ. दुसरा साध्या पाण्यात. लालसर आणि आरपार.

"साध्या पाण्यात रक्ताच्या पेशी फुटतात आणि सगळं विरघळून जातं. कोणाचंही रक्त टाका, सिकलवाल्याचं की बिनसिकलवाल्याचं, असंच दिसणार. गढूळ करणारं औषध दुसऱ्या भांड्यात नाहीच. तुमच्या बाबाचं सत्ययुग नळाला येतं."

एवढंच होतं. पहिल्या भांड्यात दवाखान्यातलं खरं औषध, दुसऱ्यात तलावाचं गाळलेलं पाणी. मधलं तीर्थ, डुबकी आणि फेरी हा सगळा, भांडं बदलल्याचं ध्यानात येऊ नये म्हणून केलेला तमाशा.

तेवढ्यात वहिनीचा फोन आला. डिंपल दोन्ही मांड्या धरून रडत होती, अंग तापलं होतं. थंड पाण्यातली डुबकी आणि बंद झालेली गोळी, ह्या दुखण्याला दुसरं काय हवं असतं? मेघा थेट अड्याळला गेली. घनश्याम पोरीच्या उशाशी बसला होता, चेहरा उतरलेला.

"दादा, गाडी बोलावते, चाल भंडाऱ्याले."

"बाबा म्हणाले, पाप निघून राहिलं. येत्या रविवारी अजून एक डुबकी दिली की झालं. दवाखान्यात नेलं त सगळं उलटं होईन."

मेघानं मोबाइल काढला, दोन नळ्यांचं चित्रण दाखवलं, खुशबूचं सांगितलं. घनश्याम बघत राहिला. क्षणभर तिला वाटलं, बसला घाव. पण तो मान हलवत म्हणाला, "मोबाइलात आजकाल काहीही दाखवता येते. पोरगी मेली असती त पेपरात नसतं का आलं? खरं असंन त छापून आण. छापून आलं की मी सोता नेतो तिले."

मेघा उठली. छापलेल्या अक्षरावर एवढा विश्वास असणाऱ्या माणसांचा हा मुलूख. सकाळच्या एसटीनं पेपरचा गठ्ठा आला की पानठेल्यावर एक जण मोठ्यानं वाचतो आणि दहा जण ऐकतात. त्या विश्वासाचं काय करायचं, हे ज्यांच्या हातात होतं ते टेबलामागे बसून प्रेसनोट लावत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं ऑफिसात बसून बातमी लिहिली. सत्यभामाबाईचं म्हणणं, डॉक्टरीणबाईंचा खुलासा, बाबाच्या ट्रस्टला विचारलेले प्रश्न आणि त्यांनी फोन ठेवून दिला ही गोष्टही. कैलाशभाऊंनी बातमी वाचली, पुन्हा वाचली, चष्मा काढला.

"खरी आहे," ते म्हणाले. "म्हणूनच नाही लावता येत."

"का?"

"बाबाच्या आश्रमाची जागा कोणत्या पुढाऱ्याची आहे हे तुले माहीत आहे. त्यांचा फोन येऊन गेला, तू सानगडीले गेली हे त्यांले कळलं. हे छापलं त जाहिराती बंद, वरून खटला. माह्या प्रेसमधल्या पोरांनी काय खावं, सांग."

"भाऊ, माही भाची तिकडं तडफडून राहिली. तिचा बाप म्हणते, छापून आण, मंगच दवाखान्यात नेतो."

कैलाशभाऊंनी खाली पाहिलं. "तिले उचलून ने. पोलीस घेऊन जा. पण मले हे नको मागू."

मेघा पोलिसांकडेही गेली. तिथं साहेबांनी आपुलकीनं विचारलं, तक्रार कोणाची, बापाची का? बाप तर बाबाचा भक्त. लेखी द्या, चौकशी करू. मेघानं लेखी दिलं. चौकशी चौकशीच्या चालीनं निघाली आणि रविवार उजाडला.

मंडप पुन्हा भरला. घनश्याम चादरीत गुंडाळलेल्या डिंपलला घेऊन पुढच्या रांगेत बसला होता. पोरीचे ओठ पांढरे पडले होते, ती आता रडतही नव्हती. मेघानं ओळखपत्र गळ्यात घातलं आणि सरळ मंचापाशी गेली. विक्कीची कळी खुलली. "पेपरवाल्या मॅडम आल्या, महाराज."

"महाराज, मलेही सिकलचा अंश आहे," मेघा म्हणाली. "आज माह्यावरच करा. आपलं बोलणं सगळ्यांले ऐकू येऊ द्या."

बाबा फुलला. त्यानं स्वतःच्या हातानं दुसरा माइक तिला दिला. हीच त्याची चूक. फुकटच्या प्रसिद्धीची त्याला इतकी सवय झाली होती की पेपरवाला माणूस प्रश्न विचारायला आला असेल, हे त्याच्या मनातही आलं नाही.

मेघानं पर्समधून डॉक्टरीणबाईंनी दिलेली नवी सुई काढली, बोट टोचलं आणि विक्की कलियुगाचं भांडं पुढे करेपर्यंत थेंब सत्ययुगाच्या पाण्याच्या नळीत टाकून मोकळी झाली. नळी पुठ्ठ्यासमोर धरली.

"काय दिसते, वाचा," ती माइकमध्ये म्हणाली.

"जय नितळ," पुढच्या बाया वाचून गेल्या आणि मग थबकल्या. तीर्थ नाही, डुबकी नाही, फेरी नाही. पाणी आरपार.

बाबा हसला. "ह्या बाईच्या रक्तात पाप नव्हतंच. खोटं बोलली."

"बरं," म्हणत मेघानं दुसरा थेंब कलियुगाच्या पाण्यात टाकला. गढूळ. अक्षरं गेली. मंडपात कुजबूज सुरू झाली. "एकाच बोटाचं रक्त. एका भांड्यात पापी, दुसऱ्यात पुण्यवान. मंग पाप रक्तात आहे का भांड्यात?"

तिनं तीर्थाचा पेला उचलून घटाघटा प्यायला आणि नवा थेंब पुन्हा त्याच वासाच्या पाण्यात टाकला. पुन्हा गढूळ.

"माइक बंद करा," बाबा ओरडला. माइक बंद झाला. पण मंडप इतका शांत होता की आता माइकची गरज नव्हती.

घनश्याम उठला. डिंपलला घेऊन मंचावर आला. तिला मांडीवर घेऊन तो बाबासमोर बसला, हात जोडले. "महाराज, माह्या पोरीचं रक्त त शुद्ध झालं ना? तुम्ही सगळ्यांदेखत दाखवलं. आज ह्या पहिल्या भांड्यात टाका. नितळच राहीन ना? एवढं दाखवा, मी जन्मभर तुमचा चाकर."

बाबानं विक्कीकडे पाहिलं. विक्कीचा पाय लागला म्हणा की विक्कीनं पाय मारला म्हणा, कलियुगाचं भांडं मंचावरून खाली गडगडत गेलं. आगपेटीचा वास मंडपभर पसरला.

"सांडलं काहून?" घनश्यामनं विचारलं. त्यानं पुन्हा विचारलं, ह्या वेळी हात न जोडता.

तेव्हा फ्लेक्सखाली एक बाई येऊन उभी राहिली. मेघाबरोबर सानगडीहून आलेली सत्यभामाबाई. तिनं फोटोवर हात ठेवला आणि सांगितलं, "हे माही पोरगी. थे मेली. गोळी बंद केली म्हणून मेली. ह्यानं तिचा फोटो अजून खाली नाही उतरवला."

घनश्यामनं पुढचं ऐकलं नाही. तो डिंपलला छातीशी धरून पाळीवरून धावत सुटला. कोणीतरी जीप दिली.

डिंपलला रक्त चढवावं लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी एक दिवस गेला असता तर सांगता आलं नसतं. तिसऱ्या दिवशी पोरीनं पाणी मागितलं, मग वरणभात. घनश्यामनं विचारलं, "बाई, आता बरी होईन ना?"

"पूर्ण बरी नाही होणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोज गोळी, भरपूर पाणी, थंडीपासून जप. मग शाळा शिकेल, मोठी होईल. चमत्कार माझ्याकडे नाही."

बाबाच्या बोलण्यापेक्षा हे ऐकायला कडू होतं. घनश्यामनं ते मान खाली घालून गिळलं.

तुम्हाला वाटेल, झालं, बाबा उघडा पडला. कसचं काय. मंडपात असतील चार-पाचशे माणसं, पण बाबाच्या मागे तीन तालुके होते. संध्याकाळपर्यंत त्याच्या लोकांनी मोबाइलवर फिरवलं की पेपरवाली बाई विरोधकांनी पाठवली होती, तिनं भांड्यात लिंबू पिळलं. आणि खाली पुन्हा तेच कात्रण. लोक म्हणत, तिकडं काहीतरी भांडण झालं म्हणे, पण पेपरात तर बरं झाल्याचंच आहे. पुढच्या रविवारची तयारी सुरू झाली.

मग सत्यभामाबाई एकटी भंडाऱ्याला आली आणि 'पूर्वघोष'च्या ऑफिसात कैलाशभाऊंसमोर बसली. मेघानं तिला बोलावलं नव्हतं.

"साहेब, आखाडीत माह्या पोरीचा फोटो छापला तुम्ही. तेवढाच मोठा पुन्हा छापा. अन् खाली लिहा, थे मेली म्हणून."

"बाई, त्यात लय अडचणी आहेत."

"पहिले नव्हत्या का?"

कैलाशभाऊंनी पंख्याकडे पाहिलं. मग त्यांनी मेघाला हाक मारली आणि तिची बातमी मागवली. तिच्या वर त्यांनी आपल्या हातानं चार ओळी लिहिल्या. खुशबूची आधीची बातमी आम्ही न तपासता छापली होती, ती खोटी होती, वाचकांनी गोळ्या बंद करू नयेत.

बातमी पहिल्या पानावर आली. बसस्टँडवर गठ्ठे जाळले गेले, ऑफिसची काच फुटली, जाहिराती गेल्या आणि खटल्याची नोटीसही आली. पण अड्याळच्या पानठेल्यावर ती मोठ्यानं वाचली गेली. त्या आठवड्यात तालुक्यातालुक्यातून लेकरं घेऊन माणसं रुग्णालयात आली. काहींच्या हातात पेपर होता. सत्यभामाबाईनं स्वतः तक्रार दिली, जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. बाबा त्याआधीच पसार. म्हणतात वैनगंगेपलीकडे कुठेतरी नव्या नावानं मंडप टाकला आहे.

वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या पोराचा बाप घनश्यामला म्हणाला, "भाऊ, पेपरात आलं म्हणून आलो. पेपरात आलं म्हणजे खरंच असंन."

घनश्यामनं डिंपलच्या अंगावरची चादर सारखी केली. "पेपरात थेही आलं होतं भाऊ. आलं का नाही हे नको पाहू. जाऊन पाह्यलं कोणी, हे इचार."

ह्यापेक्षा जास्त सांगण्यासारखं माझ्याजवळही नाही. बाबा पाणी बदलतील, नाव बदलतील, नदी बदलतील. त्यांना एक साधा प्रश्न पुरतो, हेच रक्त त्या भांड्यात टाकून दाखवता का. आणि तो प्रश्न विचारायला जो जातो, त्याला जाऊ द्या. त्याच्या मालकाला येणारे फोन, त्याच्या पेपरची होणारी होळी, हे त्याचं एकट्याचं दुखणं समजू नका. त्याचं तोंड बंद झालं की उरतात प्रेसनोट.

भंडाऱ्याहून सानगडीला रोज एसटी जाते. आखाडीत 'पूर्वघोष'मधलं कोणी एक माणूस त्या एसटीत बसलं असतं, तर त्याला खुशबू भेटली असती. तेव्हा ती जिवंत होती.